दिनविशेष टेबल दिनदर्शिका: ३६६ पानं, आणि सोबत एक पेन्सिल

१५ जुलैचं पान उघडा. सगळ्यात वर कुंकळ्ळीचा पोर्तुगीजांविरुद्धचा १५८३ चा उठाव. त्याखाली १९०४ साली गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म. शेवटी १९६७ साली बालगंधर्वांचं निधन. मोगूबाईंच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. सांगे-केपे भागातल्या एखाद्या वर्गात ही ओळ मोठ्यानं वाचली, की तारीख पाठ करून घ्यावी लागत नाही. ती मुलांच्या ओळखीच्या जागेला जाऊन चिकटते.

गोव्यातल्या एका छोट्या प्रकाशनाची ही टेबलावर ठेवायची दिनविशेष दिनदर्शिका पणजी, म्हापसा, फोंडा आणि मडगावला मराठी पुस्तकं ठेवणाऱ्या दुकानांत मिळते. किंमत ३८० रुपये. पानावर तारीख आणि महिना आहे, वार नाही, वर्षही नाही. त्यामुळे ती दरवर्षी पहिल्यापासून वापरता येते. २९ फेब्रुवारीलाही स्वतंत्र पान आहे (मोरारजी देसाई १८९६, रुक्मिणीदेवी अरुंडेल १९०४), ते तीन वर्षं नुसतं उलटायचं. दर पानावर चार ते सहा नोंदी, एकेक नोंद बारा-पंधरा शब्दांची. फळ्यावर खडूनं लिहायला एवढीच लांबी बरी पडते. दोन ओळींच्या पुढं गेलेली नोंद फळ्यावर लिहिणारा स्वतःच कापतो, आणि कापताना बहुतेक वेळा सालच गळतं.

कागदाबद्दल आधी बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आतली पानं मॅपलिथोची आहेत, चकचकीत आर्ट पेपरची नाहीत. ही निवड योग्य आहे. आर्ट पेपरवर पेन्सिल घसरते आणि जेल पेनची शाई पावसाळी हवेत तासभर वाळत नाही, हात लागला की फरफटते. या दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं लिहिता येतं, खोडता येतं, आणि ते करावं लागणारच आहे. बांधणी वायरोची आहे आणि वायर साध्या लोखंडाची, वर पांढरा रंग. किनाऱ्यालगतच्या घरांत जुलै संपेपर्यंत पान जिथं वायरला घासतं तिथला रंग उडतो, गंज धरतो आणि भोकांभोवती तांबूस वर्तुळं उमटतात. पानं उलटताना ती ओढू नयेत, पूर्ण वर उचलून मागं टाकावीत. पुठ्ठ्याचं तिकोनी स्टँड ओलाव्यानं सैल पडतं. तळाला दोन्ही बाजूंना जाड चिकटपट्टी लावून ठेवली की दोन पावसाळे निघतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे निवड. मराठीत दिनविशेष देणारी दिनदर्शिका, वही, फोनवरचा संदेश, काहीही घ्या, गोवा त्यात तीन दिवसांपुरता येतो: १८ जून (गोव्याचा क्रांती दिन), १९ डिसेंबर (गोवामुक्ती), ३० मे (घटक राज्य दिन). बाकी वर्षभर पुणे-मुंबई, दिल्ली आणि परदेश. इथं मात्र गोव्याची नोंद बाकीच्या नोंदींशेजारी अशी बसवली आहे, की दोन्हींचा अर्थ वाढतो. १२ मार्च पाहा. भाऊसाहेब बांदोडकरांचा जन्म १९११, यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३, मध्ये दांडीयात्रेची सुरुवात १९३०. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री एकाच तारखेचे, हे गोव्यातल्याही पुष्कळ लोकांना माहीत नसतं. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. त्या पानावर त्यांच्या वरची नोंद आहे २५ नोव्हेंबर १५१०, आल्बुकेर्कनं गोवा घेतल्याची. ८ जुलैला वास्को द गामा १४९७ साली लिस्बनहून निघाला आणि त्याच तारखेला १९८४ साली कवी बाकीबाब बोरकर गेले.

३१ जुलैचं पान अख्ख्या दिनदर्शिकेतलं सगळ्यात दाट आहे: प्रेमचंद जन्म १८८०, दामोदर कोसंबी जन्म १९०७, उधमसिंगांना लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी १९४०, महंमद रफी निधन १९८०. पान उलटलं की १ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले आणि वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. दिवस, महिना, साल, तिन्ही एकच. संपादकानं या दोन नोंदी एका चौकटीत घेतल्या आहेत आणि बाकीच्या खाली सोडल्या आहेत. ही समज कौतुकाची आहे. ‘याच दिवशी’ आणि ‘याच तारखेला’ यांत फरक असतो. टिळक आणि अण्णाभाऊ यांच्यात तो एकच दिवस होता. बांदोडकर आणि यशवंतराव यांच्यात फक्त तारीख समान आहे, मध्ये दोन वर्षं. वर्गात सांगताना हा फरक शब्दांत धरला नाही तर मुलं दोघांना एका दिवशी जन्माला घालतात.

१६ सप्टेंबरला केसरबाई केरकर (निधन १९७७) आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी (जन्म १९१६). केसरबाईंच्या नोंदीखाली लिहिलंय की त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, म्हणजे त्या गेल्या त्याच्या अकरा दिवस आधी. केरी गावातल्या बाईंचा आवाज पृथ्वी सोडून गेला आणि मग त्या गेल्या. ही अकरा दिवसांची गोष्ट छापलेली नाही, पेन्सिलीनं लिहून घ्यावी. २९ जूनलाही अशीच एक मोकळी जागा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस जन्म १८९३, म्हणून तो राष्ट्रीय सांख्यिकी दिन. आणि त्याच तारखेला १९६६ साली दामोदर कोसंबी गेले. पान दोघांना शेजारी ठेवतं, पण नातं सांगत नाही. कोसंबी गणिती होते. जुनी आहत (ठसे मारून केलेली) नाणी त्यांनी तराजूवर तोलली, वापरानं ती किती झिजली हे वजनांच्या आकडेवारीतून काढलं आणि त्यावरून नाण्यांचा काळ मांडला. सांख्यिकी दिनाला गोव्याच्या शाळेत सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१६ जानेवारीचं पान नाजूक होतं आणि ते नीट हाताळलंय. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१, न्यायमूर्ती रानडे यांचं निधन १९०१, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल. कौलाच्या नोंदीत विशेषणं नाहीत. निशाण्या दिल्या आहेत, फूल आणि दोन पानं. आकडे दिले आहेत: विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१, बाजूनं १,३८,१७०, फरक ३४,०२१. मराठी वाचणाऱ्या घरांत या दिवसाबद्दल आजही दोन मनं आहेत. आकडे पुढं ठेवून बाजूला होणं हीच इथली बरोबर रीत.

उणिवा आता. त्या अशा आहेत की नवख्या वाचकाला दिसणार नाहीत आणि जाणकाराला पहिल्या दहा पानांतच टोचतील.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे १७५२ पूर्वीच्या तारखांना कोणतं कॅलेंडर धरलं ते कुठंच सांगितलेलं नाही. महाराष्ट्रात छापलेल्या दिनविशेषात हे एक वेळ खपेल. गोव्यात खपत नाही, कारण इथं दोन्ही कॅलेंडरांचे कागद एकमेकांना भिडतात. पोर्तुगालनं १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर लिहिली, म्हणजे जुनं ज्युलियन सोडून नवं ग्रेगोरियन घेतलं. इंग्रजांनी ते घ्यायला १७५२ चा सप्टेंबर उजाडला, २ तारखेनंतर १४. तोवर सुरत-मुंबईचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवसाला दोन तारखा लिहीत होते. १७०० पर्यंत अंतर दहा दिवसांचं, त्यानंतर अकरा. शिवकालाच्या रूढ तारखा इंग्रजी पद्धतीच्या, म्हणजे ज्युलियन आहेत. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०, तो नव्या पद्धतीनं १ मार्च. राज्याभिषेक ६ जून १६७४, तो १६ जून. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात याच काळातल्या एखाद्या घटनेची तारीख दहा दिवस पुढची दिसली, तर कोणीही चुकलेलं नसतं.

कुंकळ्ळीची नोंद नेमकी या सांध्यावर आहे. पोर्तुगालनं कॅलेंडर बदललं १५८२ च्या ऑक्टोबरात, घटना १५८३ च्या जुलैतली. म्हणून काही ग्रंथांत १५ जुलै येते आणि काहींत २५ जुलै. दोन्ही त्याच एका सोमवारच्या तारखा आहेत, जुन्या पद्धतीनं पंधरा, नव्या पद्धतीनं पंचवीस. ही दिनदर्शिका १५ ला उठाव छापते आणि २५ जुलैच्या पानावर पुन्हा ‘कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची (ख्रिस्ती धर्मप्रसारकांची) हत्या’ अशी वेगळी नोंद छापते. एकच घटना दोनदा झाली. दोन वेगळ्या पुस्तकांतून नोंदी उचलल्या आणि एकमेकींशी ताडल्या नाहीत की असंच होतं. २५ चं पान खोडू नका, तिथं ‘१५ जुलै पाहा, नवी पद्धत’ एवढं लिहा. आणि १५ च्या पानावर जागा आहे तेवढ्यात पुढची गोष्टही लिहा. त्यानंतर पोर्तुगीजांनी गांवकरांना (गावच्या प्रमुखांना) बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. १९४६ साली १८ जूनच्या आंदोलनाआधी डॉ. राममनोहर लोहिया ज्यांच्या घरी उतरले त्या डॉ. जुलियांव मिनेझिसांचं घर याच असोळण्यात. १५ जुलै आणि १८ जून ही दोन पानं अशी एका गावात भेटतात.

१५८२ च्या आधीच्या तारखांना हा घोळ नाही, कारण तेव्हा ख्रिस्ती जगात एकच कॅलेंडर होतं. २५ नोव्हेंबर १५१० किंवा ३ डिसेंबर १५५२ (सेंट फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू) या आहेत तशा ठेवाव्यात. चर्चचे सणही त्यांनाच धरून आहेत. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावानं. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. त्याच पानावर बहिणाबाई चौधरींचं निधन (१९५१) आणि राजेंद्रप्रसादांचा जन्म (१८८४) आहे. छान पान आहे, एकही चूक नाही.

दुसरी उणीव व्याप्तीची. २५ नोव्हेंबरला ‘पोर्तुगीजांनी गोवा जिंकला’ असं सरळ लिहिलंय. आल्बुकेर्कनं त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोवा एकदा घेतला होता, मे महिन्यात आदिलशाही फौजेनं तो परत घेतला, आणि नोव्हेंबरात तो दुसऱ्यांदा पडला. शिवाय तेव्हाचा ‘गोवा’ म्हणजे तिसवाडी. बार्देश आणि साष्टी १५४३ साली गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे नव्या काबिजादीतले (पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या मुलखातले) तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. फोंड्याच्या वाचकाला ‘साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य’ असं ऐकवणं म्हणजे त्याच्या तालुक्याची दोन-अडीच शतकं पुसणं. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही दैवतं साष्टीतून फोंड्याच्या बाजूला आणली गेली ती याच कारणानं, की तिथं तेव्हा पोर्तुगीज नव्हते. संपादकानं ‘तिसवाडी’ हा एक शब्द घातला असता तर नोंद खरी झाली असती.

तिसरी चूक एकत्र बांधण्याची. १९ डिसेंबरच्या पानावर गोवामुक्तीखाली ‘१९२७: काकोरी खटल्यात बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशनसिंग आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशी’ असं आहे. पहिले तिघे १९ डिसेंबरचे, तीन वेगळ्या तुरुंगांत: गोरखपूर, फैजाबाद, अलाहाबाद. लाहिरींना दोन दिवस आधी, १७ डिसेंबरला, गोंडा इथं फाशी झाली होती. ही चूक हिंदी-मराठीत सगळीकडं फिरते, कारण चौघांची नावं एका दमात घेण्याची सवय झाली आहे. लाहिरींचं नाव पेन्सिलीनं १७ च्या पानावर हलवा. १७ ला गोव्याच्या बाजूनंही लिहिण्यासारखं आहे. १९६१ साली १७ ची रात्र उलटताना भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीत शिरलं. १९ ला रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वानं शरणागतीवर सही केली. १७ आणि १९ या दोन्ही पानांवर काकोरी आणि गोवा आपोआप शेजारी येतात.

चौथी चूक वर्तमानपत्राची तारीख घटनेची म्हणून घेण्याची. किशोरी आमोणकर ३ एप्रिल २०१७ च्या रात्री गेल्या. बातमी ४ एप्रिलच्या अंकांत. दिनदर्शिकेत त्या ४ एप्रिलला आहेत. ३ एप्रिलला शिवाजी महाराजांची पुण्यतारीख (१६८०) आहे, पण तिथं किशोरीताईंची जागा रिकामी राहिली. त्यांच्या जन्मसालाचाही घोळ आहे: कुठं १९३१, कुठं १९३२. १० एप्रिलच्या पानावर एकच साल ठामपणे छापलंय. तुलनेला १८ जून बघा. राणी लक्ष्मीबाईंच्या नोंदीत ‘१७ किंवा १८ जून, मतभेद’ असं लिहिलंय. ही प्रामाणिक पद्धत संपादकाला येते, मग ती सगळीकडं का नाही?

६ जानेवारीची चूक महाराष्ट्रातून जशीच्या तशी आली आहे: ‘बाळशास्त्री जांभेकर जयंती’. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून तो पत्रकार दिन. जन्माशी त्याचा संबंध नाही. त्याच पानावर रेयश मागुश, कासावली, चांदोरच्या तीन राजांच्या फेस्ताची नोंद आहे, ती बरोबर. तारखेला बांधलेले सण बारमाही दिनदर्शिकेत चालतात: २४ जूनचा सांजाव, ३ आणि ८ डिसेंबरची फेस्तं. चंद्राला किंवा ईस्टरला बांधलेले चालत नाहीत. इथं मे महिन्याच्या एका पानावर अक्षय्य तृतीया छापली आहे आणि एप्रिलच्या एका पानावर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. दोन्ही दरवर्षी हलतात. ज्या वर्षी पुस्तक जुळवलं त्या वर्षीच्या तारखा तशाच राहून गेल्या. या दोन नोंदी सरळ खोडून टाका.

आणि क्रांती दिन. गोव्यात क्रांती दिन म्हणजे १८ जून, बाकी देशात ९ ऑगस्ट. दोन्ही पानांवर नुसतं ‘क्रांती दिन’ आहे. १८ जूनला ‘गोवा’ हा शब्द आधी जोडून घ्या.

जुनी तारीख तपासायची कशी, हे पुस्तिकेच्या शेवटी एका पानात द्यायला हवं होतं. ते नाही, म्हणून इथं. आधी मूळ साधनात वार दिलाय का ते पाहायचं. मग फोनच्या कॅलेंडरमध्ये मागं जाऊन ती तारीख काढायची. फोनमधली बहुतेक कॅलेंडरं नवीच पद्धत मागं ताणत नेतात. ६ जून १६७४ ला फोन बुधवार दाखवतो. साधनातल्या वाराशी तो जुळत नाही, म्हणजे तारीख जुन्या पद्धतीची. दहा दिवस मिळवून १६ जून काढा, शनिवार येतो. आता जेधे शकावली (शिवकालीन घटनांची तिथीवार टिपणं) उघडली तर तिथं ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. पुन्हा एक दिवसाचा फरक. तो तिथंच सुटतो, कारण शकावली म्हणते तीन घटका रात्र उरली होती. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाच्या आसपास वेळ होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी वार मध्यरात्री. म्हणून महाराज सिंहासनावर बसले तेव्हा पंचांगाचा शुक्रवार चालू होता आणि इंग्रजी शनिवार लागला होता. टिळकांची तारीखही अशीच मध्यरात्रीच्या काठावरची आहे. ते १ ऑगस्ट लागल्यावर थोड्याच वेळात गेले, पंचांगाचा दिवस अजून ३१ जुलैचाच होता. एका दिवसाचा फरक दिसला की आधी ‘किती वाजता’ हे विचारावं.

जानेवारी ते मार्चच्या जुन्या इंग्रजी तारखांना आणखी एक गाठ असते. १७५२ पूर्वी इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. १६ जानेवारी १६८१ हा दिवस तेव्हाच्या इंग्रजी पत्रात १६८० चा असतो. दिवस बरोबर, साल एक कमी, असं दिसलं तर कारण हेच.

पोर्तुगीज कागद वाचताना महिन्यांचे संक्षेप फसवतात. सातचा आकडा आणि पुढं ‘ब्रो’ असं असेल तर तो जुलै नाही, सेतेंब्रो म्हणजे सप्टेंबर. आठ आणि ब्रो म्हणजे औतुब्रो, नऊ म्हणजे नोव्हेंब्रो, रोमन दहा आणि ब्रो म्हणजे देझेंब्रो. लॅटिन भाषेतल्या सात, आठ, नऊ, दहा या शब्दांवरून ती नावं आली, म्हणून आकडे तसे. ही गोष्ट माहीत नसलेल्यानं नोंद उतरवली की सप्टेंबरची घटना जुलैच्या पानावर जाऊन बसते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती व्यक्तींबाबत चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्म त्याच्या आधीचा. आबे फारिया आणि फ्रान्सिस्कु लुईश गोमिश दोघेही ३१ मेच्या पानावर आहेत, अहिल्याबाई होळकरांच्या शेजारी. अशा नोंदी फळ्यावर लिहिण्याआधी जन्म आणि बाप्तिस्मा वेगळे दिले आहेत का ते बघावं.

विसाव्या शतकासाठी पणजीत पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठावं. तिथं जुनी वर्तमानपत्रं पाहता येतात. एका तारखेसाठी तीन अंक काढावेत: त्या दिवसाचा, दुसऱ्या दिवसाचा, तिसऱ्या दिवसाचा. बातमीच्या पहिल्या ओळीतले ‘काल’, ‘आज पहाटे’, ‘शनिवारी रात्री’ हे शब्द उतरवून घ्यावेत. तारीख त्यातून निघते. मथळ्याखालची तारीख अंकाची असते.

दिनदर्शिकेच्या मागं क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला की रोज सकाळी व्हॉट्सॲपवर त्या दिवसाचं पान चित्ररूपात येतं. सेवा फुकट आहे. वेळ मात्र सोयीची नाही. संदेश सव्वाआठनंतर येतो, तोवर सकाळच्या शाळेची प्रार्थना आटोपलेली असते. आदल्या संध्याकाळी आला तर उपयोग. छापील पानात फोटो नाहीत, या चित्रात आहेत, आणि तिथं नवी चूक शिरली आहे. ९ ऑक्टोबरला धर्मानंद कोसंबींच्या (जन्म १८७६, सांखवाळ) नावाखाली मुलाचा, दामोदरांचा फोटो. बापलेक दोघेही मोठे अभ्यासक असले की नावानं शोधलेला पहिला फोटो घातक ठरतो. फोनवरचं चित्र पुढं पाठवण्याआधी फोटो झाकून फक्त मजकूर वाचावा, आणि शंका आली तर छापील पानाचाच फोटो काढून पाठवावा.

काही जागा रिकाम्या आहेत त्या भरण्यासारख्या आहेत. ५ जुलैला १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, ही नोंद नाही. पणजी-बार्देशमधल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला तो दिवस आठवतो. १५ ऑगस्टला १९५५ चा सत्याग्रह आणि पत्रादेवीचा गोळीबार एका ओळीत उरकला आहे, त्याला निदान दोन ओळी हव्या होत्या. उलट ६ सप्टेंबरला १५५६ साली गोव्यात पहिला छापखाना उतरल्याची नोंद आहे आणि २२ जानेवारीला १९०० साली ‘ओ एराल्दु’ हे पोर्तुगीज दैनिक सुरू झाल्याची. छापील दिनदर्शिकेनं छापखान्याची आठवण ठेवली, हे मनापासून आवडलं.

शाळा, वाचनालय, देवस्थानाचं कार्यालय किंवा घरात वाचणारी मुलं असतील तर ही दिनदर्शिका घ्यावी. ज्यांना एकही दुरुस्ती न करता वाचून दाखवायचं आहे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहावी. दुकानात १९ डिसेंबरचं पान उघडून लाहिरींचं नाव आहे का ते बघायचं. असेल तर ती पहिलीच आवृत्ती. घेतल्यावर पहिल्या रविवारी बसून वर सांगितलेल्या दुरुस्त्या एकदमच करून टाकाव्यात, तासाभराचं काम आहे. एचबीपेक्षा टूबी पेन्सिल घ्या, मॅपलिथोवर कमी दाबून उठते आणि पुढच्या पानावर वळ पडत नाही. ३० मेचं घटक राज्य दिनाचं पान (१९८७) शाळेच्या सुट्टीत जातं आणि १९ डिसेंबरला सरकारी सुट्टी असते, म्हणून या दोन्ही पानांना वरच्या कोपऱ्यात खूण करून ठेवा आणि शाळा भरलेली असेल त्या आदल्या दिवशी ती फळ्यावर घ्या.